आलेखातली शिवण

आमच्या गल्लीत तिला टिंबताई म्हणतात. हे नाव रुग्णालयात पडलं, मग तिच्यामागून घरी आलं, आणि आता तिची सासूसुद्धा दारात उभी राहून "आमची टिंबताई दिसली का कुठे?" असं विचारते. कारण साधं आहे. मेंदूचा आलेख काढायचा तर माणसाच्या डोक्यावर एकवीस ठिकाणी खुणा कराव्या लागतात. ती टेपने डोकं मोजते. नाकाच्या मुळापासून मानेवरच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. केस बाजूला सारत लाल पेन्सिलीने टिंबं देत जाते. त्या टिंबांवर चिकट मलम, मलमावर शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या, चकत्यांच्या तारा यंत्राला, आणि यंत्राच्या पडद्यावर ओळी. सतरा-अठरा वर्षं ती हेच करते आहे, आणि ते बहुतेक वेळा बेशुद्ध माणसांच्या डोक्यावर.

मी तिला चौथीत शिकवलं. शुद्धलेखन चांगलं, गणित बेताचं. पण तिची एक सवय मी दुसऱ्या कुठल्याही मुलीत पाहिली नाही. वहीच्या समासात ती बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवायची. "बाई शिंकल्या." "बाक हलला." "बाहेर गाडी थांबली." एकदा मी रागावून विचारलं, हे काय आहे? तर म्हणाली, "नंतर वाचताना कळायला नको का, अक्षर इथेच का बिघडलं ते?" मी तिला पुढच्या बाकावरून उठवून मागच्या बाकावर बसवलं, एवढंच.

पुढे तिला नेमकं याच सवयीचं काम मिळालं. अतिदक्षता विभागात पलंगाभोवती दहा यंत्रं चालू असतात. श्वासाच्या नळीत पाणी साचून डुचमळलं, सलाईनचा थेंब पडला, हवेच्या गादीचा पंप सुरू झाला, सिस्टरने पांघरूण ओढलं, की ते सगळं ओळींत उतरतं. "यंत्र भोळं असतं, बाई," ती मला म्हणाली होती. "त्याला मेंदू कुठला आणि थेंब कुठला ते कळत नाही. ते आपण लिहायचं." म्हणून ती ओळींच्या कडेला वेळ घालून लिहीत बसते. डॉक्टर नंतर ओळी वाचतात तेव्हा तिच्या नोंदी पाहून ठरवतात, यातलं डोक्यातलं किती आणि खोलीतलं किती. घरीही तिची ही सवय सुटत नाही असं सासूचं म्हणणं आहे. जेवताना म्हातारीला ठसका लागला की ती आधी सुनेकडे बघते. "लिही, लिही. सासूला ठसका. सव्वाआठ."

आता सांगते आहे ती हकिकत तिने मला एकदम नाही सांगितली. तीन-चार रविवारी तुकड्यातुकड्याने सांगितली, आणि मधेच उठून चहाचे कप विसळायला जायची.

एक शिंपीण होती. वय पंचावन्नच्या आसपास. घराच्या पुढच्या खोलीत नवरा-बायको दोघं शेजारी शेजारी दोन मशीनं लावून बसायची. एके सकाळी ती मशीनवरच कोसळली. हृदय थांबलं होतं. ते पुन्हा चालू झालं, पण मधली काही मिनिटं मेंदूला रक्त मिळालं नाही. ती शुद्धीवर आली नाही, छाती यंत्राने हलत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी टिंबताईला बोलावणं आलं.

ती डोकं मोजायला लागली तेव्हा नवरा दारात उभा होता. बारीक माणूस, गळ्यात टेप तशीच लोंबत होती. घरातून निघताना काढायची राहून गेली असावी.

"तुम्हीपण मापं घेता?" तो म्हणाला.

"हो."

"किती आलं?"

"छत्तीस. सेंटिमीटर."

"उभं का आडवं?"

"उभं. आडवंही छत्तीसच आहे."

त्याने गळ्यातली टेप चाचपली. "तीस वर्षांत तिच्या डोक्याचं माप कधी घेतलं नाही बघा. बाकी सगळी आहेत वहीत."

मोठे डॉक्टर, म्हणजे मेंदूचे, आले आणि त्यांनी त्याला बाहेर काढलं. ते माणूस वाईट नाहीत, पण वाक्य अर्ध्यावर सोडून पुढे चालू लागतात. काही रुग्णांचं असं होतं, की नुसता हात लावला, हाक मारली, तरी मेंदूत नको त्या लाटा उठतात. म्हणून आलेख चालू असेपर्यंत खोलीत नातेवाईक नको. "बाहेर बाक आहे," असं म्हणून ते गेले.

नवरा बाकावर जाऊन बसला.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास पडद्यावर ते आलं. एरवी ओळी जवळजवळ सपाट होत्या, कुठे तरी मंद फुगवटा. आणि मग डोक्याच्या मागच्या बाजूच्या ओळींवर एक बारीक थरथर सुरू झाली. आधी हळू. मग तिने वेग धरला, उंची धरली, एकसारखे दात पडत गेले, आणि एकदम सगळं थांबलं. पुन्हा सपाट. ती पलंगाकडे वळली. बाई निश्चल. पापण्यांवर पट्ट्या, बोटं चादरीवर, नखसुद्धा हललं नव्हतं. छाती यंत्राच्या तालावर वर-खाली होत होती आणि त्या तालाचा ओळींतल्या तालाशी काही संबंध नव्हता.

थोड्या वेळाने पुन्हा आलं. मग पुन्हा.

"मी कित्येक फिट पाहिल्यात, बाई," टिंबताई म्हणाली. "अंग न हलता आतल्या आत येणाऱ्यासुद्धा. हळू सुरू होते, जोर धरते, आणि दमून थांबते. हे अगदी तसंच होतं. पण मला त्या खोलीत पाठ भिंतीला लावून बसावंसं वाटत होतं. का ते सांगता येणार नाही."

मोठ्या डॉक्टरांनी ओळी पाहिल्या. "फिटच आहे. तुमची नोंद काय?"

"खोलीत कोणी नाही. हात लावलेला नाही. पंप बंद ठेवून पाहिला. नळीत पाणी नाही. कॅमेऱ्यात पेशंट स्थिर."

"मग झालं," ते म्हणाले. तिच्या नोंदीवर त्यांचा इतका विश्वास. औषध सुरू झालं, फिट दाबणारं आणि माणसाला खोल झोपवणारं.

दुसऱ्या दिवशी तेच. रात्रभराचा आलेख स्वच्छ होता, आणि दहा वाजल्यानंतर ते पुन्हा सुरू झालं. औषध वाढवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, आणखी वाढवलं. ओळी जवळजवळ मेल्या, पण त्यावरून ती थरथर मात्र येत राहिली, जराही कमी न होता, जणू औषध दुसऱ्याच कुणाला चाललं होतं.

नवरा रोज सहा वाजता, पहारेकरी नातेवाइकांना बाहेर काढायचा तेव्हा, टिंबताईच्या वाटेत उभा राहायचा. "आज काही चाललं होतं का आत?"

"हो."

"म्हणजे आहे ती," असं म्हणून तो बऱ्यापैकी आनंदाने घरी जायचा. जे चाललं आहे ते चांगलं नाही, हे त्याला सांगायचं तिचं काम नव्हतं आणि धैर्यही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठे डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "एवढ्या औषधावरही थांबत नाही म्हणजे मागे काही उरलेलं नाही. उद्या सकाळी नवऱ्याशी बोलू. यंत्रं किती दिवस चालू ठेवायची ते... मला सगळ्या फिटची यादी करून द्या. वेळ आणि लांबी."

ती यादी करायला बसली. पेन्सिलीने एकेक मोजत गेली. नऊ सेकंद. नऊ सेकंद. बावीस. बावीस. एक्केचाळीस. मग वीस-पंचवीस मिनिटं काही नाही. मग नऊ, नऊ, बावीस, बावीस, एक्केचाळीस.

तिने आदल्या दिवशीचं काढलं. नऊ, नऊ, बावीस, बावीस, एक्केचाळीस. एखादा सेकंद इकडेतिकडे. तीन दिवसांत हे चाळीस वेळा तरी झालं होतं, याच क्रमाने.

"बिघडलेला मेंदू गोंधळ घालतो," ती मला म्हणाली. "तो जोड्या लावत नाही. मला वाटलं, या बाईच्या आत कुणीतरी बसलंय आणि एक काम पुन्हा पुन्हा करतंय. आणि आपण रोज त्याला औषध देऊन गप्प करतोय. आणि ते आपल्याकडे लक्षच देत नाहीये." एवढं सांगून ती कप घेऊन आत गेली ती बराच वेळ आली नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी ती पुन्हा खोलीत गेली. पडद्यावर नुकतंच सुरू झालं होतं. तिने बाईच्या कपाळावर तळवा ठेवला. काही नाही. मनगट धरलं. काही नाही. पडद्यावर दात उंच होत चालले होते. पडदा जवळून पाहायला वाकताना तिने पलंगाच्या डोक्याकडची लोखंडी कड धरली.

कड थरथरत होती.

फार बारीक. मांजर घुरघुरतं तेव्हा त्याच्या पाठीवर हाताला लागते तशी. तिने हात काढला, पुन्हा ठेवला. पलंग भिंतीला टेकलेला होता. ती भिंतही खरी भिंत नव्हती. मोठ्या दालनाचे दोन भाग करायला फळ्यांची घातलेली होती, वरून रंग. तिने भिंतीला कान लावला. आतून येत होता, ठकठक नव्हे, सलग, दबका, पळता आवाज. तिने कान लावून ठेवला आणि तो थांबून पुन्हा सुरू झाला तेव्हा मनातल्या मनात मोजलं. बावीसला थांबला.

पलीकडे जायला दोन दारं आणि एक वळण आहे. ती गेली. पलीकडे नातेवाइकांची गल्ली, आणि त्या फळीलाच स्क्रूने बसवलेला लांब बाक. नवरा एकटाच बसला होता. डोळे मिटलेले. दोन्ही हात पुढे, तळवे खाली, जणू समोर टेबल आहे आणि त्यावरून काही तरी हलकेच पुढे सरकवायचं आहे. पाय फरशीवर टाच-चवडा, टाच-चवडा. बाक त्याच्यासकट कापत होता.

ती तशीच बघत राहिली. त्याने एक्केचाळीस सेकंदांची शिवण घातली, थांबला, आणि दातांनी दोरा तोडायला मान खाली घातली. तिथे दोरा नव्हता. तेव्हा त्याने डोळे उघडले.

"काय झालं?" तो घाबरून उठला. "गेली का?"

"नाही, नाही. तुम्ही काय करत होता?"

"मी? काही नाही. बसलोय."

"पाय."

त्याने आपल्या पायांकडे दुसऱ्याचे असावेत तसं पाहिलं. "अहो, ती पडली ना, तेव्हा मशीनवर एक सदरा होता. अर्धा राहिला. डोळ्यांपुढून हलत नाही. तो पुरा करतो मनात. झाला की परत पहिल्यापासून. नाही केलं तर डोकं फिरेल माझं."

"इथेच का बसता? बाक एवढा लांब आहे."

तो ओशाळला. "दार ते तिचं डोकं अकरा पावलं. तेवढीच इकडून मोजली मी. तिचं डोकं बरोब्बर इथे येतं." आणि पाठीमागच्या फळीवर त्याने बोट ठेवलं.

टिंबताईने सिस्टरला पडद्यासमोर उभं केलं आणि मधली दारं उघडी ठेवायला सांगितली.

"चालवा," ती नवऱ्याला म्हणाली.

"आलं!" आतून सिस्टर ओरडली.

"थांबा."

"थांबलं!"

"चालवा."

"आलं! अगं बाई... काका, तुम्ही काकूंच्या डोक्यात शिवताय!"

सिस्टर हसायला लागली. नवरा हसला नाही. हळूच खाली बसला, गुडघे दोन्ही हातांनी दाबून धरून.

"म्हणजे ते सगळं मी होतो?"

"हो."

"तीन दिवस?"

"हो."

"मग तिचं काय होतं त्यात?"

माझ्या या विद्यार्थिनीला खोटं गोड बोलता येत नाही, पण ती खरंही नीट जागेवर ठेवून बोलते. ती म्हणाली, "तिचं अजून दिसलेलंच नाही. मधे तुम्ही होता, आणि तुमच्यामुळे दिलेलं औषध होतं. आता बघायचं."

चूक कुणाची, हे मी विचारलं नव्हतं. तिने आपणहून सांगितलं. "माझी. 'खोलीत कोणी नाही' हे मीच लिहिलं. सतरा वर्षं मी खोलीच लिहिली. भिंत कधी लिहिली नाही."

यादी पक्की करायची होती. तिने नवऱ्याला आत बोलावलं, हात धुवायला लावले, एका स्टुलावर बसवलं आणि एकेक पान पडद्यावर आणत गेली. आणि तो माणूस, ज्याने आयुष्यात आलेख पाहिला नव्हता, ते वाचायला लागला.

"हा खांदा. हा दुसरा खांदा. ही बाही. ही बाही. इथे सुई बदलल्यासारखं केलं मी, म्हणून उशीर. ही खालची दुमड, घेराची. सगळा सदरा फिरतो ना, म्हणून लांब. खांदा. खांदा." तो बोटाने ओळीवरून सरकत होता, कापडावरून सरकावं तसं. "इथे मी शिंकलो."

ती प्रत्येकापुढे खूण करत गेली. मेंदू नाही. मेंदू नाही. मेंदू नाही. तिसऱ्या दिवसाची पानं आली.

"हे नाही माझं," तो म्हणाला.

दुपारी एक वाजून पन्नास मिनिटं. लांबी चव्वेचाळीस सेकंद. तिने नीट पाहिलं. वीस सेकंद चाललं होतं, मग तीन सेकंद सपाट, मग पुन्हा एकवीस.

"घेर आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "पण मी मधे थांबत नाही. मी एका दमात घालतो. ती थांबते. अर्ध्यावर पाय उचलते, कापड फिरवून घेते, आणि मग पुढे. यावरून आमचं भांडण आहे किती वर्षांचं. मी म्हणतो शिवण तुटते, ती म्हणते झोल येत नाही."

"तुम्ही आज एक पन्नासला कुठे होता?"

"घरी. तिची कागदपत्रं मागितली होती खाली, ती आणायला गेलो."

पहारेकऱ्याच्या वहीत होतं. बाहेर एक दहा, आत दोन चाळीस. त्या वेळी गल्ली पुसायला आलेल्या मावशी म्हणाल्या, "बाकावर कोण बसणार? बाक मी ओला करून ठेवला होता. चिटपाखरू नव्हतं."

टिंबताईने ते पान पुन्हा पाहिलं. हळू सुरुवात, वेग, उंची. मधे ते तीन सेकंद. मला हे सांगताना तिने हातातला कप खाली ठेवला आणि दंडावरून हात फिरवला. बाहेर चांगलं ऊन होतं.

इथे खरी अडचण होती. ती बाजूला ठेवण्यासारखी नव्हती. सगळ्या फिट खोट्या ठरल्या तर औषध उतरवता येणार होतं, आणि उद्या सकाळचं ते बोलणं टळणार होतं. पण हे एक पान खरं असेल, तर त्या मेंदूत फिट येते आहे, आणि औषध काढलं की ती मोकाट सुटेल आणि उरलंसुरलं जाळून टाकेल. चाळीस सदऱ्यांच्या गठ्ठ्यात ते एक पान सरकवून दिलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. नवरा तिच्याकडे बघत होता. त्यालाही हे समजलं होतं. तो म्हणाला, "माझंच धरा ना ते. थांबलो असेन मी एकदा."

"तुम्ही इथे नव्हता," ती म्हणाली. आणि ते पान तिने सगळ्यात वर ठेवलं.

मोठ्या डॉक्टरांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग ते स्वतः जाऊन त्या बाकावर बसले आणि डोळे मिटून पाय हलवायला लागले. एवढा मोठा माणूस, पांढरा कोट, आणि येणारे-जाणारे बघताहेत.

"आलं का?" ते ओरडले.

"आलं सर," सिस्टर म्हणाली. "पण तुमची शिवण फार वाकडी आहे."

ते परत आले, चष्मा पुसला, वरचं पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पोछा," ते म्हणाले. "पुसताना बाकाला लागला असेल."

मावशी दारातच होत्या. "माझा पोछा? मी बाक कोरड्या फडक्याने... नाही, ओल्या... अहो पण मी काय चव्वेचाळीस सेकंद बाकाला घासत बसते? आणि मधे थांबून? सात खोल्या आहेत मला."

डॉक्टरांनी पान खाली ठेवलं. "एका पानासाठी मी तिला आणखी झोपवणार नाही," ते म्हणाले. "पण हे पान खरं निघालं, तर उद्या ते परत येईल. औषध उतरत असताना तुम्ही तिथून उठायचं नाही. आलं की त्या क्षणी मला हाक."

दुसऱ्या दिवशी सुताराने बाक काढला. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढला. पलीकडची गल्ली कुलूप लावून बंद केली. नवऱ्याला खालच्या मजल्यावर बसवलं. नऊ वाजता औषध कमी केलं आणि टिंबताई स्टूल घेऊन बसली.

तिने मला त्या दिवसाचं फार थोडं सांगितलं, पण तिची वही मी पाहिली आहे. दहा वाजता: "भिंतीला कान लावला. काही नाही." साडेअकरा: "पलंगाची कड. काही नाही." बारा वाजता पुन्हा भिंत. ओळी रिकाम्या होत्या, आणि त्या रिकामेपणाला काय म्हणावं ते ठरत नव्हतं. औषधाचा अंमल म्हणावा, की खरोखरच मागे कुणी नाही म्हणावं. दीड वाजल्यानंतर तिने घड्याळाकडे पाठ केली आणि मग पुन्हा वळून बसली. एक पन्नासची नोंद अशी आहे: "माझा पाय हलत होता. थांबवला."

एक त्रेपन्न. एक पंचावन्न. दोन. काही आलं नाही.

चार वाजता तिने नेहमीची तपासणी केली. कानाजवळ टाळी, मग मोठ्याने हाक. "ताई, डोळे उघडा." ओळी होत्या तशाच राहिल्या. तिने पाच मिनिटं जाऊ दिली. पुन्हा टाळी, पुन्हा हाक. आणि संथ ओळी किंचित दचकल्या. चार-पाच सेकंद जरा जलद झाल्या, आणि परत संथ. याला दात नव्हते, ताल नव्हता, मोजण्यासारखं काहीच नव्हतं. झोपलेलं माणूस हाकेने कूस बदलतं ना, तेवढंच. तिने आणखी दोनदा हाक मारून पाहिली. दोन्ही वेळा तसंच झालं. मग तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि तिला बोलताच येईना. ते तिकडून "आली का फिट? आली का?" म्हणून ओरडत होते.

त्या शनिवारी शिंपीणबाईंनी डोळे उघडले. नवरा समोरच उभा होता. पण त्यांनी आधी बराच वेळ मान वळवून त्या फळीच्या भिंतीकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे. हेही वहीत आहे.

दोन महिन्यांनी दोघं पुन्हा आली, आलेख काढायला. बाई काठी धरून चालत होत्या, बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. डाव्या हाताची पकड गेली होती. शिवण आता जमेल न जमेल. टिंबताईने टेप काढली, डोकं मोजलं, टिंबं द्यायला लागली.

"मी... झोपले होते," बाई म्हणाल्या. "तेव्हाचं आहे तुमच्याकडे?"

"आहे. पुष्कळ आहे."

"दाखवा."

तिने पडद्यावर आणलं. बाई बघत राहिल्या. खांदा, खांदा, बाही, बाही, घेर. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

"हे मी?"

"नाही. हे तुमचे मिस्टर."

"हे?"

"तेही."

"सगळं?"

"चाळीस सदरे आहेत. सगळे त्यांचे."

बाई नवऱ्याकडे वळल्या. शब्द यायला वेळ लागत होता, पण ते कुठले येणार हे त्यांच्या चेहऱ्यावर आधीच दिसत होतं. "मरायला टेकले होते मी. आणि माझ्या डोक्यातसुद्धा... यांचंच मशीन."

"अगं, सदरा राहिला होता."

"नेहमीचं आहे," बाई टिंबताईला म्हणाल्या. मग विचारलं, "माझं काहीच नाही?"

टिंबताईने पुढचं पान आणलं. "एक पान आहे," ती म्हणाली. "तुमचं असं मी लिहिलेलं नाही. कुणाचंच लिहिलेलं नाही. जागा कोरी ठेवली आहे."

बाई ते पान बघायला पुढे वाकल्या. उजव्या हाताचं बोट त्यांनी ओळीवर ठेवलं आणि ते सरकत गेलं, मधल्या सपाट जागेशी थांबलं. तिथे ते थोडं वर उचललं, आणि मग पुढे गेलं. टिंबताईने विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

"चला," बाई म्हणाल्या. "आता नवीन काढा."

नियमाप्रमाणे नवऱ्याने बाहेर जायचं होतं. तो उठला.

"बसू दे," बाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून, एकेक शब्द उचलत, "पाय... वर घेऊन बसा."

तो खुर्चीवर मांडी घालून बसला, हात मांडीवर, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा. टिंबताईने भिंतीला हात लावून पाहिला, मग यंत्र सुरू केलं. वीस मिनिटं ओळी चालल्या. मंद होत्या, उजवीकडे जरा विस्कटलेल्या. कडेला तिला लिहायला काही मिळालं नाही. सगळं त्या बाईंचंच होतं.